काळी तीन

देवास, २ डिसेंबर १९५६

ही वही यंत्राच्या नोंदींसाठी आहे. बाकी काही लिहायचं नाही.

टेपरेकॉर्डर काल आला. वजन बेचाळीस पौंड. फितीचा वेग सेकंदाला साडेसात इंच. एका रिळावर बाराशे फूट फीत, म्हणजे बरोबर बत्तीस मिनिटं. धारच्या यशवंतरावांनी तो मामांच्या दुकानातर्फे मागवला. त्यांचा कापसाचा जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना आहे. यंत्र त्यांचं, पण चालवायचं मी.

मामा गिऱ्हाइकांना सांगतात, "आमची सुमंगला मुंबईहून रेडिओची पदविका घेऊन आली, भिया, पूरे दो साल की!" गिऱ्हाईक माझ्याकडे पाहून मान डोलावतं आणि रेडिओ मामांच्याच हातात देतं. मामा तो मागच्या खोलीत माझ्यापुढे आणून ठेवतात. पद्धत बसली आहे.

यशवंतरावांना बकुळाबाईंचं गाणं ध्वनिमुद्रित करून हवं आहे. बाई पूर्वी एका संगीत नाटक कंपनीत होत्या, आता धारला असतात. फेब्रुवारीत मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीचे गृहस्थ इंदूरला यायचे आहेत. त्यांना फीत ऐकवायची. पसंत पडली तर बाईंची रेकॉर्ड निघेल. आजवर एकही निघालेली नाही.

मी हो म्हटलं. काम सरळ आहे. नाटकातली गाणी मला विशेष आवडत नाहीत.

धार, ६ डिसेंबर

बकुळाबाईंना भेटले. वय बावन्न. मुलींना शिवण शिकवतात. खोलीत दोन शिलाई मशिनं, एक पेटी, एक तंबोरा. पेटीची साथ करणारे विश्वासरावही बसले होते. शाळेत गणित शिकवतात, वय तिशीच्या आत असावं. माझ्या मशिनबद्दल त्यांनी सात प्रश्न विचारले. त्यांतले दोन बरे होते.

मी बाईंना सांगितलं की याच खोलीत घोंगड्या टांगून, दारं लावून गायलात तर उत्तम येईल. बाहेरचा एकही आवाज येणार नाही.

त्या म्हणाल्या, "आणि ऐकायला कोण?"

"कोणी नाही. मी. यंत्रापाशी."

"मग राहू दे, पोरी."

कारण त्यांनी सांगितलं, तसंच उतरवते. चौतीस साली कंपनीच्या मालकांनी त्यांना मुंबईला रेकॉर्डिंगला नेलं होतं. कांबळी लावलेली खोली, समोर काच, काचेमागे एक माणूस. तो बोट वर करी, मग गायचं. "गायले. कुणाला गायले ते देवाला ठाऊक. महिन्याने कळवलं, आवाजात जीव नाही. दुसऱ्याच दिवशी नगरला प्रयोग होता. त्याच पदाला लोकांनी तीनदा वन्समोअर घेतला. नाटकातली बाई मी, सुमंगला. शेवटच्या रांगेत कोण बसलाय ते आधी बघून ठेवते आणि त्याला हाक मारते. गाणं म्हणजे माझी ती हाक. भिंतीला हाक मारू होय?"

विश्वासराव म्हणाले, "तर मग लोक बोलवू."

मी सांगितलं की लोक खोकतात. मुलं रडतात. पंखे, चपला, पानाचे डबे. ते सगळं फितीवर येतं आणि मग काढता येत नाही.

"येऊ दे की," बाई म्हणाल्या. "नगरलाही खोकत होते."

मला हे पटलेलं नाही. पण एक ध्यानात आलं: त्या चौतीस सालचं बोलत होत्या तेव्हा हातातली सुई थांबली होती. एरवी बोलतानाही त्यांचे टाके एकसारखे पडतात.

धार, ९ डिसेंबर

जागा सापडली. यशवंतरावांच्या जिनातलं गोदाम. तीन बाजूंना कापसाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या आहेत. मध्ये उभी राहून टाळी वाजवली. प्रतिध्वनी शून्य. आवाजाचं इतकं चांगलं शोषण मुंबईतल्या स्टुडिओतही पाहिलं नव्हतं. समोर तीनशे माणसं बसतील.

गोदामात गावची वीज नाही, ती फक्त ऑफिसात आहे. गोदामाला जिनाच्या तेलाच्या इंजिनावरची वीज मिळेल. इंजिन चालवतात मारुती, वय पन्नासच्या पुढे. ते मला ताई म्हणतात आणि इंजिनाला 'ही'. "ही आपली म्हातारी, ताई. पण बोलली तेवढं करते. कई फिकर मत करो."

विजेचा दाब खालीवर झाला तर सावरायला मी व्होल्टमीटर आणि हाताने फिरवायचा ट्रान्सफॉर्मर आणणार आहे.

धार, १७ डिसेंबर, सकाळ

काल गाणं झालं. साडेपाच ते आठ. नोंदी:

माणसं तीनशे चाळीस. तिरला गावापासून बैलगाड्या आल्या होत्या. पहिल्या रांगेत भैयासाहेब, दरबारातल्या जुन्या घराण्यातले, वय ऐंशी. त्यांचा खर्ज मी ओळखते. ते कुजबुजले तरी आवाजाच्या मीटरची सुई हलते.

सुरू होण्याआधी इंजिनाचे धक्के मायक्रोफोनवर येत होते. मी मारुतींना जाऊन सांगितलं, "आवाज कमी करा." त्यांनी मान डोलावली. माझी अपेक्षा होती की खोलीच्या दाराला ओली पोती लावतील. पाच मिनिटांत आवाज खरोखर कमी झाला. व्होल्टेज मात्र थोडं उतरलं, दिवेही किंचित तांबूस झाले. ट्रान्सफॉर्मर फिरवून मी ते दोनशे तीसवर आणलं आणि शेवटपर्यंत तिथेच राखलं. या गोष्टीचं मला समाधान आहे.

बाई काळी तीनमध्ये गायल्या. म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. विश्वासरावांनी मला ती पट्टी दाखवून ठेवली होती.

बाईंनी मायक्रोफोनकडे एकदाही पाहिलं नाही. मोठ्या स्वराला सुई तांबड्यात जायची, मी आवाजाचं बटण उतरवायची. तिसऱ्या पदापासून मला ते आधीच कळायला लागलं. त्या श्वास घेताना खांदा किती उचलतात त्यावरून.

दुसऱ्या रिळात नदीचं पद झालं. त्यात अगदी वरच्या स्वराला आवाज फुटला. बाई थांबल्या. तबलाही थांबला. मला वाटलं संपलं. तर त्या पदर सावरत म्हणाल्या, "थांबा हो. जिना चढतेय. वय झालं." सगळं गोदाम हसलं. मग त्यांनी खालून, एक एक पायरी घेत पुन्हा सुरुवात केली. लोक इतके गप्प झाले की फितीवर नुसता पेटीचा भाता ऐकू येईल. आणि त्या तिथे पोचल्या.

प्रत्येक रीळ माझ्या घड्याळाने चौतीस मिनिटं चाललं. कारखान्याने फीत थोडी जास्त दिलेली दिसते.

इतकं सगळं लिहायचं कारण नव्हतं.

धार, २३ डिसेंबर

यंत्र बाईंच्या घरी नेलं. दिवसा गावची वीज स्थिर असते, पन्नास सायकल, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं. नदीचं पद लावलं.

विश्वासराव उठूनच उभे राहिले. "बाई! ही तर पंचवीस वर्षांची मुलगी गातेय!"

मलाही तसंच वाटलं. आवाज हलका, चपळ, कुठे ओझं नाही. मायक्रोफोन चांगला असल्याचा हा परिणाम.

बाई पुढे झुकून ऐकत होत्या. पद चालू असतानाच त्यांनी पेटी ओढली, भाता दाबला आणि एका पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून राहिल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहून हसल्या. कारण कळलं नाही.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"पोरगी गोड गाते," त्या म्हणाल्या. "उद्या परत ऐकव. आणि परवाही."

देवास, २७ डिसेंबर

दुसरं रीळ. जमेल तिथे फीत कापून काढायच्या आवाजांची यादी:

२ मि. १० से.: खोकला, पुरुष.
४ मि. ०५ से.: लहान मूल. "आई, पाणी."
७ मि. ३० से.: पानाचा डबा.
९ मि.: 'वन्समोअर'. पहिली रांग.
१२ मि. ४० से.: कोणी बाई मायक्रोफोनच्या अगदी जवळ "आई गं" म्हणते. कोण ते समजलं नाही. मायक्रोफोनजवळ माझ्याशिवाय कोणाला येऊ दिलं नव्हतं.
१४ मि. २० से.: बाईंचं बोलणं, हशा.

हे रीळ आज अकरा वेळा ऐकलं. तपासणीसाठी.

देवास, २९ डिसेंबर

चूक सापडली.

नऊ मिनिटांवरचा 'वन्समोअर' भैयासाहेबांचा आहे. त्यांच्या शेजारी दुसरं कोणी नव्हतं. पण तो आवाज चाळिशीतल्या माणसाचा वाटतो. मी घड्याळ लावून पूर्ण रीळ वाजवलं: बत्तीस मिनिटं. गोदामात तेच रीळ चौतीस मिनिटं चाललं होतं. फीत जास्त नव्हती. यंत्र हळू चाललं होतं.

कारणही माझ्याच वहीत आहे. मी मारुतींना म्हटलं, आवाज कमी करा. त्यांनी इंजिनाची गती कमी केली. व्होल्टेज उतरलं ते म्हणून. मी ते वर आणलं आणि निर्धास्त झाले. पण मोटरचा वेग व्होल्टेजवर नसतो, सायकलवर असतो, आणि सायकल मोजायचं मीटर मी नेलंच नव्हतं. पन्नासच्या जागी सव्वासत्तेचाळीस धरल्या तर हिशोब जुळतो. हळू चाललेल्या यंत्रावर घेतलेली फीत पुऱ्या वेगाने वाजवली की सगळं वर चढतं. बरोबर अर्धा स्वर. काळी तीनची पांढरी पाच होते.

म्हणजे पंचवीस वर्षांची मुलगी कोणी नाही. बाई बावन्न वर्षांच्याच आहेत.

पदविकेच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे हा.

देवास, ३ जानेवारी १९५७

विश्वासराव शाळेच्या कामाने देवासला आले होते. शाळेला सुट्टी आहे हे त्यांना आठवत नसावं. दुकानात येऊन बसले, म्हणून त्यांना चुकीबद्दल सांगितलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग कागदावर त्रैराशिक मांडून पाहिलं. उत्तर तेच आलं.

नंतर म्हणाले, "राहू द्या तसंच."

"चुकीचं आहे ते."

"कोणाला कळणार? कंपनीच्या माणसाला धारचं इंजिन माहीत आहे? त्याला एक जवान, सुरेल आवाज ऐकू येईल. बावीस वर्षांपूर्वी नको म्हणाले, आता हो म्हणतील. बाईंचं एवढं एकच राहिलंय, सुमंगलाबाई. तुम्ही काय व्होल्टमीटरसाठी तेही घालवणार?"

"सायकल. व्होल्टमीटर बरोबर होता."

ते हसले. मी हसले नाही.

त्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नाही हे मात्र लिहून ठेवते. खऱ्या वेगाने आवाज जड येईल, श्वास मोठे, वरच्या स्वराची चढण लांब. ती फीत ऐकून पुन्हा 'जीव नाही' असं पत्र आलं, तर ते पत्र माझ्यामुळे आलेलं असेल.

मामांनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मामा म्हणाले, "मास्तर मोठे चौकस आहेत गं." त्यांच्या प्रश्नांबद्दल म्हणत असावेत.

देवास, ८ जानेवारी

धारला गेले नाही. सर्दी.

देवास, १० जानेवारी

सर्दी नव्हती.

बाईंना रोज ते पद ऐकायचं होतं, म्हणून तीन तारखेला फीत आणि यंत्र विश्वासरावांबरोबर त्यांच्याकडे पाठवून दिलं आहे. त्या रोज ऐकत असणार. खोट्या वेगाने. मी गप्प राहते तो प्रत्येक दिवस त्या खोटेपणात माझा सहभाग आहे.

नुसत्या आठवणीवर एक गोष्ट कळली. बाई म्हणतात ना, "जिना चढतेय. वय झालं." त्या फितीवर हे वाक्य एक तरुण मुलगी बोलते. आणि तीनशे माणसं हसतात. कंपनीच्या माणसाला वाटेल की मुलगी नाटकीपणा करते आहे. जे त्या दिवशी सगळ्यांत खरं होतं तेच फितीवर खोटं वाटतं.

सोमवारी जाईन.

धार, १४ जानेवारी

आज संक्रांत. बाईंनी दार उघडताच हातावर तिळगूळ ठेवला. "घे, आणि गोड बोल."

मी तो हातातच धरून सगळं सांगितलं. इंजिन, सायकल, पट्टी, माझी चूक, विश्वासरावांचं म्हणणंही. उभ्यानेच.

बाई ऐकून घेत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आधी बैस. आजच्या दिवशी हे सांगायला तूच यावंस!"

"उशीर झाला. सोळा दिवस."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी बसले.

"कंपनीत वीस वर्षं पांढरी पाचमध्ये गायले मी. आपलं माहेर ओळखू येणार नाही होय? तुझ्यासमोर तर पट्टीवर बोट ठेवलं होतं. म्हटलं, एवढी मोजमाप करणारी पोर, हिला दिसतंय की नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ऐकायचं होतं मला. ती पोरगी कशी गायची ते मी कधी ऐकलंच नव्हतं. गाणारीला कुठे ऐकू येतं? इतकी वर्षं सगळे सांगायचे, बकुळा अशी गायची नि तशी गायची. आता कळलं. बरी गायची. जरा घाई करायची." त्या हसल्या, पण डोळे पुसले. "झालं ऐकून. आता माझं गाणं मला दे."

मी विचारलं, पत्र नकाराचं आलं तर?

"तर त्यावर माझं नाव असेल. हो म्हणून आलं आणि नाव त्या पोरीचं असलं, तर ते घेऊन मी काय करू? मला कुठे बोलावलं तर तिला कुठून आणू?"

विश्वासराव तेवढ्यात आले. बाई त्यांना म्हणाल्या, "या, गणिताचे मास्तर. मला अर्धा स्वर उधार देऊन ठेवत होतात म्हणे!" त्यांची चर्या पाहण्यासारखी झाली होती. मग त्यांनी मलाही तिळगूळ दिला. माझ्या हातात आधीचा होताच. दोन्ही खाल्ले.

धार, २७ जानेवारी

आज जे केलं ते कोणत्याही पुस्तकात नाही.

खरा वेग परत मिळवायचा तर फीत त्याच मंद विजेवर वाजवायची आणि स्थिर विजेवरच्या दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायची. दुसरं यंत्र इंदूरच्या एका डॉक्टरांकडून मागून आणलं. ते जिनाच्या ऑफिसात, गावच्या विजेवर ठेवलं, आणि त्याच्या रिळाला दोन मिनिटांची जास्तीची फीत जोडली. पहिल्याला इंजिनावरून तार ओढली.

इंजिन त्या दिवशी नेमकं किती हळू होतं याची नोंद कोणाकडेच नाही. माझ्याकडे सायकल मोजायचं मीटर नाही. पण फितीवर पेटी आहे, आणि ती त्या दिवशी काळी तीन होती. म्हणून बाई पेटी घेऊन ऑफिसात बसल्या आणि काळी तीन धरली. फीत लावली. इंजिनाच्या खोलीत मारुती. मध्ये अंगणात विश्वासराव, ओरडायला.

"चढी आहे!" बाई आतून.

"मारुतीराव, उतरवा!" विश्वासराव अंगणातून.

"कित्ती?"

"किती, बाई?"

"केसभर!"

"केसभर म्हणतात!"

"अरे भिया, इंजन में बाल कां से लाऊं!" पण त्यांनी गती राखणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू फिरवला. फितीवरचा आवाज खाली सरकू लागला. एक तेलाचं इंजिन पेटीशी जुळवलं जात होतं. आधी दोन स्वर एकमेकांवर घासत होते, वाँव वाँव असा कंप येत होता. तो सावकाश होत गेला, आणखी सावकाश, आणि थांबला.

"लागली," बाई म्हणाल्या. "आता कुणी श्वास घेऊ नका."

चौतीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं.

पहिल्यांदाच ते गाणं मी त्याच्या वेगाने ऐकलं. आवाज भरलेला आहे. शब्द घाईत नाहीत. भैयासाहेब भैयासाहेबांसारखे ओरडतात. "वय झालं" म्हणणारी बाई वय झालेली आहे, आणि हसणारे लोक तिला सांभाळून घेत हसतात. मग ती चढते. तरुण आवाज नुसता पोचतो. हिचं पोचणं ऐकू येतं.

मारुती हात पुसत दाराशी आले. त्यांना चूक कोणाची ते मी सांगितलं नव्हतं, तरी विश्वासरावांकडून कळलं असावं. "ताई, तुम्ही आवाज कमी करा म्हणालात. मला वाटलं, बाईंचं गाणं हिच्या आवाजाने दबतंय. मलाही ऐकायचं होतं ना. इंजनच्या खोलीत पहिल्यांदा कोणाचं गाणं आलं."

चूक माझी आहे असं मी सांगितलं. काय करायचं ते सांगायला हवं होतं, काय व्हावं ते नव्हे.

इंदूर, २० फेब्रुवारी

कंपनीचे गृहस्थ. वय पंचेचाळीस, डोळे मिटून ऐकतात. एका ओळखीच्या घरी यंत्र लावलं होतं. बाई आल्या नाहीत. "माझ्यासमोर त्यांना खरं बोलता यायचं नाही," म्हणाल्या.

ते येण्याआधी वीज मी तीन वेळा तपासली.

नदीचं पद संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. "आवाज उतरलाय."

मी म्हटलं, "हो."

त्यांना बहुधा दुसरं काही उत्तर अपेक्षित होतं. "आणि लोकांचा फार गोंधळ. आमच्याकडे स्टुडिओ आहे. त्यांना मुंबईला पाठवा."

"त्या रिकाम्या खोलीत गात नाहीत. गायल्या होत्या, तुमच्यासारख्याच एका कंपनीने नाकारलं."

"मग निदान हा बोलण्याचा तुकडा कापून द्या. फुटलेला स्वर, बोलणं, हशा. ते गेलं की रेकॉर्डच्या एका बाजूत बसेल."

डिसेंबरात हे वाक्य मीच यादीत लिहिलं होतं. आज मी म्हटलं, "तो कापला तर पुढचा स्वर कुठून आला ते कळणार नाही. नुसता एक उंच स्वर राहील. तसे तुमच्याकडे पुष्कळ असतील."

मी अनोळखी माणसाशी एवढं बोलत नाही. ते म्हणाले, "परत लावा."

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले नाहीत. "जिना चढतेय"ला त्यांचे ओठ जरा हलले. चढण सुरू झाली तेव्हा त्यांची हातातली विडी पेटवायची राहिली, काडी विझली.

"बघतो," एवढंच म्हणाले. फीत ठेवून घेतली.

विश्वासराव बाहेर थांबले होते. काय झालं विचारण्याआधी त्यांनी मला पाणी दिलं. हे का लिहिलं, माहीत नाही.

देवास, १९ मार्च

पत्र नाही.

धार, ११ एप्रिल

पत्र आलं. बाईंनी ते मला वाचायला लावलं, चष्मा समोरच होता तरी.

एक रेकॉर्ड काढतील. दोन बाजू, दोन्हींवर मिळून नदीचं एकच पद, काही न कापता. पहिली बाजू हशापाशी संपेल, दुसरी चढणीपासून सुरू होईल. पुढचं पुढे पाहू असं लिहिलं आहे. लेबलावर नाव कसं छापायचं ते कळवावं.

बाईंनी पत्र घडी करून शिलाई मशिनच्या खणात ठेवलं. मग परत काढलं. "हशासकट?"

"हशासकट."

"आणि फुटलेलं?"

"ते पहिल्या बाजूला येतं."

"म्हणजे मी पोचले की नाही हे बघायला माणसाला उठून रेकॉर्ड उलटावी लागणार!" त्या इतक्या हसल्या की शिवणाच्या मुलींनी मशिनं थांबवली. "नाटक कंपनीलाही असला पडदा पाडायला सुचला नसता."

लेबलासाठी त्यांनी सांगितलं: बकुळाबाई, धार. मी विचारलं, खाली आणखी काही? त्या म्हणाल्या, लिही, लोकांसमोर गायलेलं.

देवास, १३ ऑक्टोबर

रेडिओ पाहायला एका घरी जात होते. गल्लीत कोणाच्या तरी माडीवर रेकॉर्ड लागली होती. बाईंची.

किल्लीचा ग्रामोफोन होता, वेग चढा. मिनिटाला साधारण ब्याऐंशी फेरे असावेत, अठ्ठ्याहत्तरच्या जागी. पांढरी पाचच्या जवळ. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर होता. जिन्याच्या दोन पायऱ्या चढलेही.

तेवढ्यात "वय झालं" आलं. हशा आला, आणि पहिली बाजू संपली. मी थांबले. वर कोणी म्हणालं, "उलटा ना जल्दी!" दुसरं कोणी, "किल्ली तर भरू दे, आजी." सुई ठेवल्याचा आवाज. खरखर. या पदात पुढे काय होतं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल. तरी मी कठडा धरून उभी होते. ती चढली. पोचली.

रेकॉर्ड पूर्ण संपल्यावर मी वर गेले. एक म्हातारी, तिची सून, दोन शेजारणी. मी म्हटलं, मी रेडिओ दुरुस्त करते, तुमचं मशीन जोरात चालतंय, बरोबर करून देऊ का?

सुनेने मला पाहिलं. "तुम्ही? तुम्हाला येतं?"

"येतं."

वेगाचा स्क्रू घट्ट होता. लेबलावर कागदाचा तुकडा खोचून, घड्याळ धरून फेरे मोजले. तिसऱ्या खेपेला अठ्ठ्याहत्तर भरले. पुन्हा पहिली बाजू लावली.

थोडं ऐकून म्हातारी म्हणाली, "ही तर दुसरीच कोणी. मोठी वाटते. पहिली पोरगी कुठे गेली?"

"तीच आहे, आजी."

"असं होय?" ती पुढे सरकून बसली. "मग बसा ना तुम्हीही. सुरुवातीपासून लावू."

ज्यांच्या रेडिओसाठी निघाले होते त्यांच्याकडे पाऊण तास उशिरा पोचले.